कर्जमाफी, मजुरी आणि थोरला भाऊ : बायबलमधली ‘कृपा’ हिशोबात का बसत नाही?

दिवसभर उन्हात राबलेल्याला जेवढी मजुरी, तेवढीच शेवटच्या तासाला आलेल्यालाही. असा मालक आज निफाडच्या एखाद्या द्राक्षबागेत निघाला, तर दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच्याकडे कोण फिरकेल? सगळे संध्याकाळी पाचलाच उगवतील.

ही गोष्ट येशूने सांगितलेली आहे. मत्तयच्या शुभवर्तमानात, विसाव्या अध्यायात. ती ऐकून चिडचिड झाली तर बिघडलं काहीच नाही, कारण ऐकणाऱ्याची चिडचिड व्हावी अशीच ती रचलेली आहे. ख्रिस्ती धर्मात ज्याला ‘कृपा’ म्हणतात, ते काय प्रकरण आहे हे या चिडचिडीतूनच कळायला लागतं. एरवी हा शब्द चर्चच्या भिंतीवर, लग्नपत्रिकेवर, रिक्षाच्या मागे दिसतो आणि डोळ्याखालून निघून जातो. अर्थ विचारला तर उत्तरात आणखी दोन जड शब्द मिळतात. त्यापेक्षा गोष्टींमधले आकडे, तास आणि कायदे नीट पाहिले तर बरंच काही उलगडतं.

## आधी शब्द लावून घेऊ

मराठीत कृपा म्हणजे बहुतेकदा मेहेरबानी. ‘साहेबांची कृपा आहे’ म्हटलं की साहेब वर, आपण खाली आणि मध्ये थोडा वशिला, असं चित्र उभं राहतं. बायबलच्या नव्या करारात ग्रीक शब्द आहे ‘खारिस’. त्याचा अर्थ पात्रता न पाहता दिलेली देणगी. दया आणि कृपा यांत फरक आहे. थकबाकीदाराच्या बैलांवर आलेली जप्ती थांबवली, तर ती दया. त्याचं कर्ज स्वतः भरून टाकलं आणि वर पेरणीला बियाणंही दिलं, तर ती कृपा. दयेत जे वाट्याला यायचं ते टळतं. कृपेत जे कधी वाट्याला येणार नव्हतं ते हातात पडतं.

‘विश्वास’ या शब्दाने जास्त घोळ घातला आहे. आपण म्हणतो, ‘माझा भुतांवर विश्वास नाही’, म्हणजे भुतं आहेत असं मी मानत नाही. आपण असंही म्हणतो, ‘माझा त्याच्यावर विश्वास आहे, घराची किल्ली त्याच्याकडेच ठेवतो’. बायबलमधला विश्वास या दुसऱ्या जातीचा. जुन्या कराराच्या हिब्रू भाषेत त्यासाठी ‘एमुना’ हा शब्द आहे, आणि त्याच धातूपासून ‘आमेन’ आला. ‘निर्गम’ या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात लढाई चालू असताना इस्राएल लोकांचा पुढारी मोशे हात वर धरून बसतो. हात दुखून खाली यायला लागतात, तेव्हा अहरोन आणि हूर दोन्ही बाजूंनी त्यांना आधार देतात आणि हात सूर्यास्तापर्यंत ‘एमुना’ राहतात, म्हणजे स्थिर राहतात. हातांना मतं नसतात. विश्वास म्हणजे डोक्यातलं मत नव्हे, भार टाकून टिकून राहणं आहे, हे या एका वापरावरून लक्षात येतं. शिवाय ते हात दुसऱ्यांनी धरले होते, हेही विसरू नये.

हे शब्द मराठीत बसवण्याची खटपट चारशे वर्षांपासून चालू आहे. इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचं ओवीबद्ध ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात रायतूरला छापलं गेलं. भाषा मराठी, लिपी रोमी. पुढे पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मूळ हिब्रू-ग्रीक शिकून अख्खं बायबल साध्या बायकांना समजेल अशा मराठीत उतरवलं आणि १९२२ साली, मृत्यूच्या थोडं आधी, ते काम हातावेगळं केलं. एवढा संस्कृत व्यासंग असलेल्या बाईंनी साधी मराठी निवडली, यात बरंच काही आलं.

## सहा कोटी दिवसांची मजुरी

आता आकड्यांकडे. मत्तयच्या अठराव्या अध्यायात येशूचा शिष्य पेत्र विचारतो, ‘भावाने अपराध केला तर किती वेळा क्षमा करायची? सात वेळा?’ उत्तरादाखल येशू एका राजाची गोष्ट सांगतो. राजाच्या एका चाकरावर १०,००० तालांतांचं कर्ज आहे.

तालांत हे त्या काळचं सगळ्यांत मोठं चलनमाप. एक तालांत म्हणजे साधारण ६,००० देनार. देनार हे सुमारे ३.९ ग्रॅमचं रोमी चांदीचं नाणं, मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे कर्ज झालं ६ कोटी दिवसांच्या मजुरीचं. वर्षाला ३०० दिवस काम धरलं तर फेडायला २ लाख वर्षं लागतील, तीही दोन वेळ न जेवता. तुलनेसाठी, इतिहासकार जोसेफसच्या नोंदीप्रमाणे हेरोद अंतिपाला गालील आणि पेरिया या दोन्ही प्रांतांतून वर्षाला २०० तालांत मिळत. त्या हिशोबाने हे कर्ज दोन प्रांतांच्या ५० वर्षांच्या महसुलाएवढं. ऐकणाऱ्यांना हसू आलं असणार. एका नोकराने एवढं उधार घेतलं कधी आणि राजाने दिलं कसं? आकडा मुद्दाम अशक्य ठेवला आहे.

चाकर पाया पडून काय मागतो, ते नीट वाचावं. तो माफी मागतच नाही. ‘मला सवड द्या, सगळं फेडतो,’ असं म्हणतो. बँकेच्या भाषेत त्याला कर्जाचं पुनर्गठन हवं आहे.

इथे महाराष्ट्रातल्या वाचकाला फारसं शिकवावं लागत नाही. २००८, २०१७, २०१९ च्या कर्जमाफ्या आणि त्यावरची भांडणं आपण पाहिली आहेत, आणि थकलेल्या कर्जाचं काय काय होतं हे गावातल्या सोसायटीच्या ओट्यावर बसणाऱ्यालाही ठाऊक असतं. पुनर्गठन केलं तर हप्ते वाढतात, कर्ज तसंच राहतं. एकरकमी तडजोडीत थोडं सोडतात, थोडं भरावं लागतं. निर्लेखन झालं तर बँक आपल्या ताळेबंदातून ते कर्ज काढते, पण कर्जदाराच्या डोक्यावरचं ओझं कायदेशीर तसंच असतं आणि वसुली चालू राहू शकते. बातम्यांत यालाच पुष्कळदा चुकून माफी म्हटलं जातं. खरी माफी म्हणजे कर्जदार पूर्ण मोकळा.

राजा चौथी गोष्ट करतो. मागितली होती सवड, मिळाली माफी. आणि चाकराच्या हे डोक्यात शिरतच नाही. बाहेर पडल्या पडल्या तो १०० देनार देणं असलेल्या सोबत्याची मानगूट धरतो. १०० देनार काही किरकोळ नाहीत, तीन-चार महिन्यांची मजुरी आहे ती. पण माफ झालेल्या रकमेचा हा सहा लाखावा हिस्सा. त्याचं हे वागणं फक्त दुष्टपणाचं नाही. तो अजूनही हप्ते भरायच्या मनःस्थितीत आहे. वरच्याला फेडायचंय म्हणून खालच्याकडून वसूल करतोय. माणसाचा देवाशी चालणारा बराचसा व्यवहार याच पुनर्गठनाच्या पातळीवर असतो. ‘एवढी वेळ निभावून ने, पुढच्या वर्षी नक्की करतो’ हे वाक्य चर्चमध्ये मेणबत्ती लावतानाही तितकंच ऐकू येतं.

शेवटी राजा माफी मागे घेतो आणि त्याला कोठडीत टाकतो, यावर मात्र ख्रिस्ती लोकांचंच एकमत नाही. एकदा मिळालेली कृपा हातची जाऊ शकते का? सोळाव्या शतकातला प्रोटेस्टंट सुधारक कॅल्विन, त्याच्या परंपरेतले म्हणतात, ज्याला ती खरोखर पोचली त्याची जात नाही, या चाकराला ती पोचलीच नव्हती. कॅथलिक आणि मेथडिस्ट म्हणतात, जाऊ शकते. गोष्ट दोघांनाही थोडी अडचणीचीच आहे.

## फुकट आहे, मग भरलं कुणी?

कर्जमाफीच्या प्रत्येक चर्चेत हा प्रश्न येतो, आणि तो बरोबरच आहे. माफ केलेलं कर्ज हवेत विरत नाही. सरकार माफी देतं तेव्हा बँकेला पैसे तिजोरीतून जातात. राजाने सोडलेले १०,००० तालांत राजाच्याच खजिन्यात कमी पडले.

ख्रिस्ती शिकवणीत क्रूस येतो तो या जागी. देवाने ‘जाऊ दे’ म्हणून डोळे मिटले, असं ती म्हणत नाही. नुकसान त्याने स्वतःवर घेतलं, असं म्हणते. कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात यासाठी अगदी कचेरीतला शब्द वापरला आहे. ऋणकोने स्वतःच्या हाताने लिहून दिलेला कर्जरोखा रद्द करून क्रूसाला खिळला, असं तिथे म्हटलं आहे. हे नेमकं कसं घडलं याची वेगवेगळी स्पष्टीकरणं चर्चच्या इतिहासात झाली. कुणी दंड भरल्याची भाषा वापरली, कुणी सैतानावरच्या विजयाची, कुणी प्रेमाच्या परिसीमेची. सामायिक मुद्दा एवढाच, की घेणाऱ्याला फुकट म्हणजे देणाऱ्याला फुकट नव्हे. ‘कृपा म्हणजे देवाचा ढिलेपणा’ ही समजूत इथे गळून पडते.

## मळ्यातला अन्याय

आता सुरुवातीच्या मजुरांकडे येऊ. मालक पहाटे अड्ड्यावर जातो आणि एक देनार रोज ठरवून माणसं आणतो. मग दिवसाच्या तिसऱ्या, सहाव्या, नवव्या तासाला पुन्हा जातो, म्हणजे आपल्या घड्याळात साधारण नऊ, बारा आणि तीन वाजता. शेवटी अकराव्या तासाला, संध्याकाळी पाचच्या सुमारास. तेव्हाही काही जण उभे असतात. ‘दिवसभर रिकामे का?’ असं विचारल्यावर ते म्हणतात, ‘आम्हाला कुणी कामावर घेतलंच नाही.’

मजूर अड्डा ज्याने पाहिला आहे त्याला हे पाच वाजताचे मजूर कोण ते लगेच कळेल. तगडे गडी सकाळी सहालाच उचलले जातात. उरतो तो म्हातारा, लंगडणारा, काल आजारी असलेला, किंवा मुकादमाशी भांडण झालेला. आणि पाच वाजेपर्यंत तो तिथेच का उभा राहतो? रिकाम्या हाताने घरी जाण्यापेक्षा उभं राहिलेलं बरं म्हणून.

अंधार पडायच्या आत मजुरी द्यायची, हा मोशेच्या नियमशास्त्राचा दंडक. बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात कारणही दिलं आहे : मजूर गरीब असतो आणि त्याचा जीव त्या पैशांत अडकलेला असतो. देनार म्हणजे एका घराचं एका दिवसाचं जगणं. बाराव्या हिश्शात चूल पेटली नसती. मालकाने शेवटच्यांना पुरा देनार दिला, म्हणजे त्यांच्या तासांची मजुरी दिली नाही, त्यांच्या घरची रात्र सांभाळली.

आता पहिल्यांची तक्रार. त्यांना ठरलेलं पूर्ण मिळालं, करार मोडला नाही. तक्रार कमी मिळाल्याची नाहीच, दुसऱ्यालाही तेवढंच मिळालं ही आहे. आणि इथे मालकाचा एक निर्णय महत्त्वाचा. त्याने वाटप शेवटच्यांपासून सुरू करायला सांगितलं. पहिल्यांना आधी पैसे दिले असते तर ते खुशीत घरी गेले असते आणि कुणाला काही कळलं नसतं. त्याने मुद्दाम त्यांना हे बघायला लावलं. मालकाचा शेवटचा प्रश्न मूळ ग्रीकमध्ये असा आहे, की मी चांगला आहे म्हणून तुझा डोळा वाईट झाला का? मराठीला इथे काही नवं घडवावं लागत नाही. ‘माझं औदार्य तुझ्या डोळ्यांत खुपतं का?’

मग पगार तासांप्रमाणे देऊच नये का? ही गोष्ट वेतनश्रेणी ठरवायला सांगितलेली नाही. तिच्या आधीच पेत्राने विचारलं होतं, ‘आम्ही सगळं सोडून तुमच्यामागे आलो, आम्हाला काय मिळणार?’ म्हणजे ज्येष्ठतेचा हक्क सांगितला होता, आणि उत्तर त्याला आहे. ‘मग शेवटच्या क्षणी पश्चात्ताप केला की झालं’ अशी पळवाटही यातून निघत नाही. पाच वाजताचे मजूर फायदा बघून उशिरा आले नव्हते. त्यांना बोलावलं गेलं आणि ते उठून गेले. क्रूसावर येशूच्या शेजारी लटकलेला गुन्हेगारही असाच अकराव्या तासाचा. त्याच्याकडे पुण्य करायला वेळ नव्हता, हात मोकळे नव्हते, तरी ‘आजच तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील’ हे त्याला येशूकडून ऐकायला मिळालं. ज्याच्याकडे वेळ आहे त्याने ठरवून उशीर करायचा, तर तो अड्ड्यावर उभाच नाही.

## विश्वास किती हवा?

यावर उपदेश पुष्कळ होतात आणि नुकसानही पुष्कळ होतं. ‘तुझा विश्वास कमी पडला म्हणून तू बरा झाला नाहीस’ असं आजारी माणसाला सांगणारे भेटतात. बायबलच्या गोष्टींत याला फारसा आधार सापडत नाही.

मार्कच्या नवव्या अध्यायात फेफरं येणाऱ्या मुलाचा बाप म्हणतो, ‘माझा विश्वास आहे, माझ्या अविश्वासाला हात द्या.’ एका वाक्यात दोन्ही. येशू त्याच्या विश्वासाचं माप काढत बसत नाही, मुलाला बरं करतो. दुसरीकडे मोहरीच्या दाण्याएवढा विश्वास पुरे, असंही तो म्हणतो. वरंध घाटातून जाणाऱ्या एसटीत एक जण निवांत घोरत असतो आणि दुसरा प्रत्येक वळणावर दांडा घट्ट धरून डोळे मिटतो. दोघंही महाडला एकाच वेळी उतरतात. गाडी कोणती पकडली, याला महत्त्व आहे. भीती किती वाटली, हा प्रवाशाचा प्रश्न. दुसऱ्याचा प्रवास वाईट गेला हे खरं, पण तो गाडीत होता.

विश्वासाचा आद्यपुरुष म्हणून अब्राहामचं नाव घेतात, आणि त्याचीच गोष्ट वाचली तर हा माणूस वारंवार डगमगलेला दिसतो. मिसर देशात जीव वाचवायला बायकोला बहीण म्हणून सांगतो. देवावर विश्वास ठेवल्याचं ‘उत्पत्ति’ या बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात नोंदलं जातं, आणि पुढे विसाव्या अध्यायात तीच थाप पुन्हा मारतो. मूल होईल हे ऐकून पालथा पडून हसतो.

नव्या करारातली अनेक पत्रं लिहिणारा पौल या गोष्टीतल्या तारखांवर बोट ठेवतो. एखाद्या वकिलाने फेरफाराच्या नोंदी तपासाव्यात तसं. पंधराव्या अध्यायात लिहिलं आहे की अब्राहामने विश्वास ठेवला आणि देवाने ते ‘नीतिमत्त्व’ म्हणून धरलं. नीतिमान ठरणं म्हणजे देवापुढे खातं चोख आहे असं जाहीर होणं, हा या लेखातला शेवटचा जड शब्द. सुंता मात्र सतराव्या अध्यायात आली, तो ९९ वर्षांचा असताना. मधल्या सोळाव्या अध्यायात इश्माएल जन्मला तेव्हा तो ८६ वर्षांचा होता. म्हणजे निकाल आधी आणि विधी किमान १३ वर्षांनी. मोशेचं नियमशास्त्र तर पौलाच्या गणतीने ४३० वर्षांनी. मग विधी आणि नियम पाळल्यामुळे तो नीतिमान ठरला हे कसं म्हणता येईल? रोमकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायातला युक्तिवाद विश्वास आधी, सुंता नंतर या क्रमावर उभा आहे.

## मग पाप करायला मोकळं रान!

हा आक्षेप पौलाला समोरच मांडावा लागला होता. ‘कृपा वाढावी म्हणून पाप करत राहायचं का?’ असं तो रोमकरांच्या सहाव्या अध्यायात स्वतःच विचारतो. उत्तर म्हणून तिथे तर्क आहे. मला विचाराल तर लूकच्या एकोणिसाव्या अध्यायातला जक्कय जास्त पटणारा.

जक्कय यरीहोचा मुख्य जकातदार. जकात वसुलीचा तेव्हा मक्ता दिला जाई. सरकारला ठरलेली रक्कम भरायची आणि वरचं आपलं, त्यामुळे वरचं किती हे मक्तेदाराच्या हिमतीवर. लोक त्याचा तिरस्कार करायचे. ठेंगणा असल्यामुळे तो झाडावर चढतो. मराठी बायबलमध्ये ते उंबराचं झाड आहे, आणि भाषांतर मार्मिक आहे, कारण तिथलं झाड उंबराच्याच कुळातलं, तशीच खोडाला फळं धरणारं.

येशू झाडाखाली थांबून काय म्हणतो? ‘आधी लोकांचे पैसे परत कर, मग जेवायला येतो’ असं नाही. ‘खाली उतर, आज मला तुझ्याकडे मुक्काम करायचा आहे,’ एवढंच. त्यावर जक्कय उभा राहून सांगतो : अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला लुबाडलं असेल त्याला चौपट.

नियमशास्त्रात, स्वतःहून कबूल केलं तर मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा परत करायचा, असा नियम होता. चौपट हा दर मेंढरू चोरून कापणाऱ्या किंवा विकणाऱ्याचा. म्हणजे जक्कयने स्वतःला २० टक्क्यांच्या सवलतीच्या कलमातून काढून मेंढरूचोराच्या कलमात टाकलं. हिशोब पुढे नेला तर अर्धी मालमत्ता गेल्यावर उरलेल्या अर्ध्यातून चौपट भरायची, तर मूळ संपत्तीच्या आठव्या हिश्शाहून जास्त लुबाडलेली असेल तर दिवाळंच निघणार. एवढं त्याच्याकडून कुणी मागितलं नव्हतं.

क्रम पाहा : आधी मुक्काम, मग परतफेड. उलटा क्रम लावला की परतफेड ही किंमत होते, आणि किंमत देणारा माणूस नेहमी कमीत कमी किती चालेल तेच बघतो. शिस्त लावणाऱ्यांना हे पटत नाही, पण कृपेने माणूस सैल होतो हा अनुभव या गोष्टीत तरी उलटाच आहे. सैल करणारी वस्तू वेगळी. जर्मन पाद्री डीट्रिख बॉनहोफर यांनी १९३७ साली तिला ‘सवंग कृपा’ म्हटलं : पश्चात्तापाशिवाय क्षमा, अनुसरणाशिवाय कृपा. हिटलरच्या राजवटीत चर्च गप्प बसलं होतं, त्याला उद्देशून ते बोलत होते. एप्रिल १९४५ मध्ये त्यांना फाशी झाली.

## याकोब आणि पौल एकमेकांविरुद्ध बोलतात का?

वरवर पाहता, हो. पौल म्हणतो, माणूस कर्मांनी नव्हे, विश्वासाने नीतिमान ठरतो. नव्या करारातलंच आणखी एक पत्र लिहिणारा याकोब म्हणतो, केवळ विश्वासाने नव्हे, कर्मांनी. आणि गंमत म्हणजे दोघंही पुरावा म्हणून अब्राहामलाच आणि उत्पत्तिच्या त्याच वाक्याला पुढे करतात. जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरला याकोबाचं पत्र इतकं खटकलं, की नव्या कराराच्या भाषांतराला लिहिलेल्या १५२२ च्या प्रस्तावनेत त्याने त्याला ‘पेंढ्याचं पत्र’ म्हणून टाकलं.

पण दोघांसमोरची माणसं वेगळी आहेत. पौलासमोरचा माणूस विचारतो, ‘आत यायला काय काय भरावं लागेल?’ याकोबासमोरचा आत येऊन बसला आहे आणि उघड्यानागड्या, उपाशी भावाला ‘जा बाबा, ऊब घे, पोटभर जेव’ म्हणून तसाच पाठवतोय. याकोब त्याला ऐकवतो, की देव एकच आहे हे तर भुतंही मानतात आणि थरथरतात. म्हणजे तो ज्या विश्वासाला नावं ठेवतो, तो आपण सुरुवातीला पाहिलेला पहिल्या जातीचा, नुसत्या मताचा. आणि अब्राहामचं जे कर्म तो दाखवतो, इसहाकाला अर्पण करायला नेण्याचं, ते बाविसाव्या अध्यायातलं, निकालानंतरचं.

या भांडणाने युरोप दुभंगला होता. ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी विटेनबर्गमध्ये लूथरने ९५ मुद्दे मांडले, ते पैसे घेऊन पापदंडाची सूट विकण्याच्या धंद्यावर. १५४७ साली ट्रेंटच्या परिषदेत कॅथलिक चर्चने आपली बाजू ठरवली. लूथरन म्हणत, नीतिमान ठरणं म्हणजे देवाचा निर्णय जाहीर होणं. कॅथलिक म्हणत, माणूस आतून प्रत्यक्ष बदलणं. चारशे वर्षांहून अधिक काळानंतर, १९९९ च्या ३१ ऑक्टोबरला जर्मनीत ऑग्सबर्ग इथे दोन्ही बाजूंनी एका संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. आमच्या कुठल्याही गुणामुळे नव्हे, केवळ कृपेने देव आम्हाला स्वीकारतो आणि सत्कर्मासाठी तयार करतो, असा त्याचा आशय. २००६ मध्ये मेथडिस्ट आणि २०१७ मध्ये रिफॉर्म्ड, म्हणजे कॅल्विनच्या, परंपरेच्या चर्चेसनी त्याला मान्यता दिली. सगळे मतभेद मिटले असं नाही, पण एकमेकांना शाप देणं त्या मुद्द्यापुरतं थांबलं.

## हे आपल्या संतांनीही सांगितलंच आहे की

बऱ्याच अंशी, हो. आपली पात्रता मोजत न बसता देवाच्या पायावर पडणं वारकरी वाचकाला शिकवावं लागत नाही. कवी नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, आणि आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं ते म्हणत. फरकही झाकू नये. ख्रिस्ती शिकवणीत कृपा एका ऐतिहासिक घटनेला, येशूच्या क्रूसाला आणि पुनरुत्थानाला बांधलेली आहे. पूर्वजन्मीच्या संचिताचा हिशोब तिच्यात नाही. दोन्हीकडे रस असलेल्याला साम्य आणि फरक दोन्ही गोडच वाटतात, पण ते एकमेकांत कालवले की दोन्हींची चव जाते.

## थोरला भाऊ

उधळ्या पुत्राची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते आणि बहुतेकांच्या लक्षात धाकटाच राहतो. वाटणी मागतो, उधळतो, डुकरांच्या शेंगांकडे बघत बसतो, परत येतो. बाप धावत जाऊन गळ्यात पडतो. धाकट्याने वाटेत पाठ केलेलं भाषण असतं, शेवटचं वाक्य ‘मला एका मजुरासारखं ठेवा’. इथेही पुनर्गठनाचाच प्रस्ताव! बाप ते वाक्य बोलूच देत नाही. झगा, अंगठी, जोडे मागवतो.

पण लूकच्या पंधराव्या अध्यायाची सुरुवात पाहिली तर ऐकायला नियम काटेकोर पाळणारे परूशी आणि नियमशास्त्राचे जाणकार शास्त्री बसले आहेत, येशू पापी लोकांबरोबर जेवतो म्हणून कुरकुरणारे. त्यामुळे थोरला ही गोष्टीची शेपटी नाही, गोष्ट त्याच्यासाठी आहे.

तो शेतातून येतो, वाजंत्री ऐकतो आणि गड्याला विचारतो. घरात पाऊल टाकत नाही. त्याची तक्रार ओळखीची आहे, मळ्यातल्या पहाटेच्या मजुरांची : ‘इतकी वर्षं मी तुमची चाकरी करतोय, मला कधी करडूसुद्धा दिलं नाही.’ हिशोबाने बघितलं तर तक्रार टिकत नाही. नियमशास्त्राप्रमाणे थोरल्याचा वाटा दुप्पट, म्हणजे दोन भावांत त्याचे दोन हिस्से, धाकट्याचा एक. आणि वाटणी झाली तेव्हा बापाने मालमत्ता ‘त्या दोघांना’ वाटून दिली, असं लूक लिहितो. गोठ्यातलं प्रत्येक करडू आधीच थोरल्याचं होतं. स्वतःच्या घरात तो इतकी वर्षं रोजंदारीवर राहिला.

बाप त्याच्यासाठीही बाहेर येतो. त्या काळच्या घरधन्याने पंगत सोडून रुसलेल्या मुलाची मनधरणी करायला अंगणात यायचं, ही धाकट्यासाठी धावण्याइतकीच कमीपणाची गोष्ट. ‘बाळा, तू नेहमी माझ्याजवळ आहेस, माझं ते सगळं तुझंच आहे,’ असं तो सांगतो, आणि थोरल्याने ‘हा तुमचा मुलगा’ म्हटलेल्याला ‘हा तुझा भाऊ’ म्हणतो.

यावर थोरल्याचं उत्तर लूकने दिलेलं नाही. आत वासरू शिजलंय, वाजंत्री चालू आहे, बाप अंगणात उभा आहे, आणि थोरला अजून उंबऱ्याच्या बाहेर.